टाइल्ससाठी खनिजांचे दळण : ऊर्जा कोठे जाते, कोठे वाचते

घरातील जमिनीवर किंवा न्हाणीघराच्या भिंतीवर बसविलेली टाइल ही मूलतः दगडमातीचे पीठ होय. हे पीठ साच्यात दाबले जाते, वाळविले जाते आणि भट्टीत भाजले जाते; फरशीच्या टाइल्ससाठी भट्टीचे तापमान सुमारे १२०० अंश सेल्सिअस असते. टाइलच्या चकाकीची, रंगाची आणि आकाराची चर्चा नेहमी होते. पीठ कसे दळले गेले याची चर्चा कारखान्याच्या भिंतींबाहेर क्वचितच होते. तथापि टाइलचा उत्पादनखर्च, तिचा टिकाऊपणा, इंधनाचा वापर आणि कामगारांचे आरोग्य या चारही बाबी बऱ्याच अंशी या पहिल्याच टप्प्यावर ठरतात.

टाइल्सच्या उत्पादनात चीनच्या खालोखाल भारताचा क्रमांक लागतो आणि देशातील उत्पादनाचा फार मोठा भाग गुजरातमधील मोरबी परिसरातून येतो. मच्छू नदीच्या काठी वसलेले हे शहर पूर्वी राजकोट जिल्ह्यात होते. २०१३ मध्ये मोरबी हा स्वतंत्र जिल्हा झाला. एकेकाळी मंगलोरी कौले आणि भिंतीवरची घड्याळे यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावाच्या आसपास आज शेकडो सिरॅमिक कारखाने आहेत. त्यांना लागणारी काही माती थानगढ व वांकानेरच्या परिसरात मिळते, बारीक पोताची चिकट माती राजस्थानातील बिकानेरकडून येते, तर फेल्डस्पार हे खनिज अजमेर व ब्यावरच्या बाजूने मालमोटारींतून येते.

या कारखान्यांपैकी अनेकांत पूर्वी कोळशापासून तयार केलेला वायू जाळला जात असे. प्रदूषणाच्या तक्रारींनंतर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मार्च २०१९ मध्ये मोरबी परिसरातील कोळसा-वायू संयंत्रे बंद करण्याचा आदेश दिला आणि उद्योग नैसर्गिक वायूकडे वळला. पुढे वायूचे दर वाढले. ऑगस्ट २०२२ मध्ये येथील बहुतांश कारखान्यांनी सुमारे महिनाभर उत्पादन थांबविले होते. इंधन महागले की सर्वांचे लक्ष प्रथम भट्टीकडे जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु भट्टीत किती उष्णता लागेल आणि त्याआधीच्या शुष्कीकरणात किती पाणी उडवावे लागेल, हे दळणाच्या गिरणीत आधीच निश्चित झालेले असते.

किती बारीक हवे ?

टाइलच्या मिश्रणात मुख्यतः तीन प्रकारचे घटक असतात. चिकणमाती व चिनी माती कच्च्या टाइलला आकार आणि ताकद देतात. फेल्डस्पार भट्टीत वितळून इतर कणांना काचेसारख्या द्रवाने बांधतो. क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी, सांगाड्याचे काम करते. पाणी अत्यल्प शोषणाऱ्या व्हिट्रिफाइड टाइलमध्ये फेल्डस्पारचे प्रमाण पुष्कळदा निम्म्याच्या आसपास असते. अशा टाइलचे जलशोषण ०.५ टक्क्यापेक्षा अधिक नसावे, असे आंतरराष्ट्रीय मानक आहे. भिंतीच्या टाइल्समध्ये मात्र ते १० टक्क्यांहून अधिक चालते.

कण बारीक करण्याची कारणे प्रत्येक खनिजासाठी वेगळी आहेत. फेल्डस्पार जितका बारीक, तितका तो भट्टीत लवकर वितळतो. सच्छिद्रता कमी तापमानातच नाहीशी होते. गारगोटीची गोष्ट निराळी. ५७३ अंश सेल्सिअसला तिची स्फटिकरचना बदलते आणि तिचे आकारमानही एकाएकी बदलते. टाइल थंड होताना मोठ्या कणाभोवती त्यामुळे सूक्ष्म तडे जातात. भिंतीच्या टाइल्समध्ये चुनखडी घालतात. तिचा जाडसर कण भाजल्यावर चुन्याचा खडा बनून राहतो, पुढे हवेतील ओल शोषून फुगतो आणि टाइलचा पृष्ठभाग टवकारून काढतो. विकत घेतलेल्या टाइलवर काही महिन्यांनी दिसणारी बारीक खळी पुष्कळदा अशा एखाद्या न दळलेल्या कणामुळे पडलेली असते.

मात्र याचा अर्थ अधिक बारीक ते अधिक चांगले असा नव्हे. अति बारीक दळलेला घोळ घट्ट होतो आणि त्याला अधिक पाणी लागते. अशा पिठाची टाइल दाबताना आत हवा कोंडते. भट्टीत मातीतील सेंद्रिय द्रव्ये जळून बाहेर पडण्यास वाट राहत नाही व टाइलच्या पोटात काळा पट्टा राहतो. आकुंचनही वाढते, त्यामुळे दोन टाइल्सची मापे जुळेनाशी होतात.

शिवाय दळणाचा खर्च बारीकपणाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. तो त्याहून भराभर वाढतो. या विषयातील तीन सूत्रे पाठ्यपुस्तकांत शिकविली जातात. रिटिंजर यांनी १८६७ मध्ये ऊर्जेचा संबंध नव्याने निर्माण होणाऱ्या पृष्ठभागाशी जोडला, किक यांनी १८८५ मध्ये तो कणाच्या आकारमानाशी जोडला, आणि अमेरिकेतील फ्रेड बाँड यांनी १९५२ मध्ये या दोहोंच्या मधला मार्ग काढला. बाँड यांच्या सूत्रानुसार ऊर्जा ही कणाच्या आकाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. त्यानुसार हिशेब केल्यास, १ मिलिमीटरचा माल १०० मायक्रॉनपर्यंत दळण्यास जेवढी वीज लागते त्याहून सुमारे ६० टक्के अधिक वीज तोच माल ५० मायक्रॉनपर्यंत नेण्यास लागते. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) गरजेपेक्षा एक तास अधिक फिरलेली गिरणी हा तास दुप्पट वसूल करते : एकदा विजेत, आणि पुढे पाण्यात व इंधनात.

म्हणूनच दळण किती तास चालवावे हे घड्याळावर न ठरवता चाळणीवर ठरविणे इष्ट असते. कारखान्यात घोळाचा नमुना ठरावीक छिद्रांच्या चाळणीवर धुतात आणि वर किती माल उरला ते वजन करतात. ६३ मायक्रॉनची चाळणी यासाठी सर्रास वापरली जाते. व्हिट्रिफाइड टाइलच्या घोळात तिच्यावर सुमारे १ टक्का किंवा त्याहूनही कमी माल उरावा अशी अपेक्षा असते, तर भिंतीच्या टाइल्ससाठी याहून बराच अधिक चालतो. कच्चा माल दररोज सारखा नसतो. खाणीतून आलेला फेल्डस्पार आज कठीण तर उद्या ठिसूळ निघतो, पावसाळ्यात मातीत ओल वाढते. तरीही अमुक इतके तास गिरणी चालवायची, ही जुनी सवय अनेक ठिकाणी मोडता मोडत नाही.

गिरणीच्या पोटात

दळणाचे मुख्य यंत्र म्हणजे बॉल मिल. आडवे ठेवलेले, आतून अस्तर लावलेले पोलादी पिंप आपल्या अक्षाभोवती संथ फिरते. त्यात खनिजे, पाणी आणि दळणारे गोटे भरलेले असतात. पिंप फिरताना गोटे एका बाजूने वर चढतात आणि ढिगावरून घरंगळत खाली येतात. त्यांच्या मधे सापडलेले कण आपटून फुटतात व घासून झिजतात.

पिंप किती वेगाने फिरवावे याला एक मर्यादा आहे. वेग फार वाढला तर गोटे भिंतीला चिकटून तसेच फिरत राहतात आणि दळण थांबते. ज्या वेगाला असे घडू लागते त्याला क्रांतिक वेग म्हणतात. ४२.३ या संख्येस पिंपाच्या मीटरमधील व्यासाच्या वर्गमुळाने भागले की मिनिटाला होणारे त्याचे फेरे मिळतात. अडीच मीटर व्यासाच्या गिरणीसाठी हा आकडा सुमारे २७ येतो. ती प्रत्यक्षात १६ ते १९ फेऱ्यांच्या दरम्यान चालविणे योग्य ठरते. पिंपाचे अस्तर झिजले किंवा बदलले की आतला व्यास बदलतो, आणि त्याबरोबर हा हिशेबही पुन्हा करावा लागतो.

बॉल मिल हे ऊर्जेच्या दृष्टीने उधळे यंत्र आहे. मोटारीने घेतलेल्या विजेपैकी नवा पृष्ठभाग निर्माण करण्यास प्रत्यक्षात लागणारा वाटा अगदी अल्प, काही मोजक्या टक्क्यांचाच असतो. उर्वरित शक्ती गोट्यांच्या परस्परांवरील आघातात, आवाजात आणि मुख्यतः उष्णतेत जाते. दळण संपल्यावर गिरणीतील घोळ चांगलाच गरम झालेला असतो तो यामुळेच. ही उधळपट्टी पूर्णपणे टाळता येत नाही. परंतु ती कमी करण्याचे मार्ग आहेत, आणि त्यांतील बरेचसे नवे यंत्र न घेताही अवलंबिता येतात.

पहिला मार्ग गोट्यांचा. परंपरेने नदीतील गोल, कठीण गारगोटे वापरले जात. त्यांची घनता सुमारे २.६ असते. त्यांच्या जागी अ‍ॅल्युमिनाचे गोळे घातल्यास घनता ३.६ च्या आसपास जाते. म्हणजे तेवढ्याच आकाराचा गोळा जवळपास दीडपट जड होतो. पाण्यात बुडालेल्या गोळ्याचे परिणामकारक वजन घोळाची घनता वजा करून मोजावे लागते, आणि घोळाची घनता १.६ ते १.७ असते. हे लक्षात घेतले तर फरक दीडपटीचा न राहता दुपटीच्या पलीकडे जातो. दळणाचे तास त्यामुळे लक्षणीयरीत्या कमी होतात. अ‍ॅल्युमिना महाग असते, परंतु झिजते कमी. गारगोटे झिजून घोळात मिसळतात व मिश्रणातील सिलिकेचे प्रमाण नकळत वाढवितात. पोलादी गोळे याहूनही जड असले, तरी टाइलच्या मिश्रणासाठी ते वर्ज्य मानले जातात. त्यांच्यापासून सुटलेल्या लोखंडाचे भाजल्यावर काळे ठिपके दिसतात.

गोळ्यांचा आकार हा दुसरा मुद्दा. मोठा गोळा जाड कण फोडतो, लहान गोळा बारीक कण घासतो. गोळ्याचा व्यास निम्मा केला की तेवढ्याच वजनात गोळ्यांची संख्या आठपट आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग दुप्पट होतो. त्यामुळे तीन-चार आकारांचे गोळे ठरावीक प्रमाणात मिसळून भरतात. वापरात सर्वच गोळे लहान होत जातात. वेळोवेळी ते बाहेर काढून, चाळून, मोठे गोळे नव्याने घालण्याचे काम कंटाळवाणे आहे आणि नेमके तेच टाळले जाते. वरून केवळ वजन भरून काढले तर गिरणी चालत राहते, पण दळण मंदावते आणि त्याचे कारण कोणाच्या लगेच लक्षात येत नाही.

तिसरी बाब म्हणजे गिरणीत काय घालू नये. जाड दगड फोडणे हे बॉल मिलचे काम नव्हे. ते क्रशरवर स्वस्तात होते. जात्यात अख्खी कणसे कोणी टाकत नाही, तसेच हे. चिकणमाती तर निसर्गानेच दळलेली असते. तिचे कण पुष्कळदा दोन मायक्रॉनहूनही लहान असतात. तिला फोडायचे नसून केवळ पाण्यात सुटे करायचे असते. ढवळणाऱ्या हौदात हे काम थोड्या वेळात होते. फक्त कठीण खनिजे गिरणीत दळून माती नंतर मिसळली, तर गिरणीतील जागा आणि वीज दोन्ही वाचतात. मोठ्या कारखान्यांतील अखंड चालणाऱ्या गिरण्यांच्या रचनेत या तत्त्वाचा वापर केला जातो. लहान कारखान्यात मात्र सर्व जिन्नस एकाच वेळी पिंपात ओतण्याची पद्धत सोयीची वाटते.

केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या आपल्या कार्यक्रमात मोरबीच्या सिरॅमिक समूहाचा समावेश केला होता. अ‍ॅल्युमिनाचे गोळे व अस्तर, तसेच मोटारीचा वेग गरजेनुसार बदलणारे विद्युत नियंत्रक अशा उपाययोजनांचा त्यात विचार झाला. भरलेली गिरणी सुरू करताना मोटारीला मोठा जोर लावावा लागतो. एकदा जाड कण फुटले, की उरलेले दळण घर्षणाने होते आणि तेव्हा पूर्ण वेगाची गरज नसते. दळलेला घोळ ज्या हौदात साठवितात तेथील ढवळण्या रात्रंदिवस अखंड फिरत असतात. त्या थांबून थांबून फिरल्या तरी घोळ खाली बसत नाही. असा साधा वेळ-नियंत्रक बसविण्यास फार मोठा खर्च येत नाही.

पाण्याचा हिशेब

ओल्या दळणात घातलेले पाणी पुढे काढून टाकावे लागते, आणि दळणाची खरी किंमत येथे उघड होते. घोळ स्प्रे ड्रायर नावाच्या उंच मनोऱ्यात कारंज्यासारखा उडवितात. सुमारे ५०० ते ६०० अंशांची गरम हवा त्यातील पाणी क्षणार्धात शोषून घेते आणि ५ ते ७ टक्के ओलाव्याचे बारीक, गोलसर दाणे खाली पडतात. हे दाणे साच्यात पाण्यासारखे सरकतात व तो सर्वत्र सारखा भरतो. ओल्या पद्धतीचा मोठा गुण तो हाच.

घोळात ४० टक्के पाणी असेल, तर १ टन कोरड्या मालामागे सुमारे ६६७ किलो पाणी असते. ६ टक्के ओलाव्याच्या दाण्यांत त्यातील सुमारे ६४ किलो शिल्लक राहते. म्हणजे ६०० किलोंहून अधिक पाण्याची वाफ करावी लागते. तोच घोळ ३५ टक्के पाण्याचा असेल, तर वाफ करावयाचे पाणी ४७५ किलोंच्या आसपास येते. गिरणीत घातलेले पाणी पाच टक्क्यांनी कमी केले, की ड्रायरचे काम जवळजवळ एकपंचमांशाने हलके होते. एक किलो पाण्याची वाफ करण्यास किमान ५४० किलोकॅलरी उष्णता लागते, आणि प्रत्यक्ष ड्रायरमध्ये याहून बरीच अधिक. वायूच्या बिलात हा फरक ठळकपणे दिसतो.

कमी पाण्यातही घोळ वाहता ठेवण्यासाठी सोडियम सिलिकेट, सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट यांसारखी रसायने अल्प प्रमाणात घालतात. मातीचे कण एकमेकांना धरून ठेवतात, त्यांना ही रसायने परस्परांपासून दूर ढकलतात. मात्रा चुकली तर परिणाम उलट होतो. अधिक रसायनाने घोळ पुन्हा घट्ट होतो. पाण्यातील क्षारही त्यांच्या कार्यात अडथळा आणतात. मोरबीसारख्या भागात, जेथे भूजल खारट असणे नवलाचे नाही, तेथे गिरणीत कोणते पाणी घातले जाते याला गोळ्यांइतकेच महत्त्व आहे. दळण फार घट्ट घोळात केले तर गोळ्यांची हालचाल मंदावते, फार पातळ केले तर गोळे एकमेकांवरच आपटून झिजतात. या दोहोंमधील योग्य जागा प्रत्येक मिश्रणासाठी प्रयोगशाळेत शोधावी लागते.

कोरडी वाट

मग पाणी घालावेच कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. ब्राझीलमधील साओ पाउलो राज्यात सांता जेर्त्रुदिस येथे टाइल्सचा मोठा उद्योग कोरड्या दळणावर उभा आहे. तेथे मिळणारी तांबडी माती एकट्यानेच टाइलसाठी पुरेशी ठरते. ती वाळवून, दळून, किंचित ओलावून थेट दाबली जाते. स्प्रे ड्रायरचा खर्च त्यामुळे वाचतो. इटलीतील सास्सुओलो परिसरातील यंत्रनिर्मात्यांनी कोरडे पीठ ओलावून त्याचे दाणे बनविण्याची यंत्रेही विकसित केली आहेत.

मोरबीच्या व्हिट्रिफाइड टाइल्ससाठी ही वाट तितकी सरळ नाही. येथील मिश्रणात पाच-सहा खनिजे असतात आणि ती एकजीव होणे पाण्यात सोपे असते. घोळ चाळता येतो, त्यातून चुंबकाने लोखंड काढता येते. पांढऱ्या टाइलसाठी या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. कोरड्या पद्धतीचे दाणे साच्यात तितक्या सहजतेने पसरत नाहीत. तरीही इंधन आणि पाणी या दोहोंची टंचाई लक्षात घेता, निदान तांबड्या मातीच्या व भिंतीच्या टाइल्ससाठी कोरड्या दळणाचा विचार आजच्याहून अधिक गांभीर्याने व्हावयास हवा.

पीठ कोणाच्या छातीत जाते ?

कोरड्या दळणाचा विचार करताना धुळीचा मुद्दा बाजूस ठेवता येत नाही. गारगोटीची बारीक धूळ श्वासावाटे फुप्फुसात खोल जाऊन सिलिकोसिस हा रोग होतो. तो बरा होत नाही, आणि अशा फुप्फुसात क्षयरोगही सहज शिरतो. श्वासातून खोलवर जाणारे कण १० मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून पार होणाऱ्या पिठात असे कण विपुल असतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कामाच्या ठिकाणी श्वासात जाणाऱ्या स्फटिकी सिलिकेला १९९७ मध्ये कर्करोगकारक ठरविले. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना अधिनियमात सिलिकोसिसची नोंद शासनाकडे करणे बंधनकारक ठरविण्यात आले होते.

बंद पिंपातील ओले दळण या दृष्टीने बरेच सुरक्षित असते. धोका त्याच्या आधी आणि नंतर असतो : पोती रिकामी करताना, सांडून वाळलेला घोळ झाडूने झाडताना, दाबयंत्राभोवती उडालेली भुकटी साफ करताना. जमीन ओली ठेवणे, झाडण्याऐवजी धुणे अथवा यंत्राने शोषून घेणे, धूळ निघते तेथेच ती ओढून घेणारे नळ बसविणे, हे यावरील परिचित उपाय आहेत. तोंडावर बांधलेला रुमाल या कणांना अडवीत नाही.

येथेच ऊर्जेच्या हिशेबातील एक पळवाट समोर येते. कारखान्याने फेल्डस्पार व गारगोटी खडे म्हणून न घेता तयार भुकटीच्या रूपात घेतली, तर त्याच्या गिरणीचे तास कमी होतात आणि कागदावर त्याची कार्यक्षमता सुधारलेली दिसते. ती वीज मात्र अन्यत्र खर्च झालेली असते. राजस्थानात ब्यावरच्या आसपास ही खनिजे कोरडी दळणाऱ्या अनेक लहान गिरण्या आहेत, आणि तेथील कामगारांमध्ये सिलिकोसिसचे रुग्ण आढळले आहेत. राजस्थान सरकारने २०१९ मध्ये या रोगाचे निदान, प्रतिबंध आणि रुग्णांचे पुनर्वसन यांविषयीचे धोरण जाहीर केले. त्यात बाधितांना आणि त्यांच्या वारसांना आर्थिक साहाय्याची तरतूद आहे. भुकटी विकत घेणाऱ्या कारखान्याच्या ऊर्जा-तपासणीत या गिरण्यांचा समावेश नसतो. खरेदीच्या करारात धूळशोषक यंत्रणेची अट घालणे मात्र खरेदीदाराच्या हाती असते, आणि टनामागे वाचलेल्या विजेच्या तुलनेत अशा अटीचा खर्च किती येतो हे तपासून पाहणे कोणत्याही कारखान्याला शक्य आहे.